'साभार' म्हटलं की झालं?

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक छोटं पाककृतींचं मासिक बघता बघता बंद पडलं. 'कुक्स सोर्स' हे त्याचं नाव. जाहिरातींवर चालायचं आणि फुकट वाटलं जायचं. त्याला बुडवलं एका ईमेलने.

मोनिका गॉडियो या लेखिकेने २००५ साली मध्ययुगातल्या सफरचंदाच्या टार्टवर एक लेख लिहिला होता आणि तो इंटरनेटवर ठेवला होता. पाच वर्षांनी ओळखीतल्या कुणीतरी तिचं अभिनंदन केलं, की तुझा लेख मासिकात वाचला. तिने तो कुठेही पाठवला नव्हता. पाहते तर शीर्षक बदललेलं, जुन्या इंग्रजीतली स्पेलिंगं 'सुधारलेली' आणि खाली नाव तिचंच. तिने जाहीर माफी मागायला सांगितलं आणि मानधनाऐवजी कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाला १३० डॉलरची देणगी द्या म्हणाली. संपादिकेचं उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा: इंटरनेटवरचं सगळं सार्वजनिकच असतं, आणि तुमचा लेख इतका कच्चा होता की तो दुरुस्त करण्याचे पैसे खरं तर तुम्हीच आम्हाला द्यायला हवेत. गॉडियोने हे उत्तर लोकांसमोर ठेवलं. मग लोक जुने अंक घेऊन बसले आणि नामांकित संकेतस्थळांवरून उचललेले मजकूर एकामागोमाग सापडू लागले. जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. पंधरवड्यात खेळ आटोपला.

लेखाखाली नाव छापलं होतं, हे या प्रकरणात विसरून चालत नाही. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मासिकाने लेख 'साभार' छापला होता. मराठीत हा शब्द सगळ्या पापांवर गंगाजल शिंपडल्यासारखा वापरला जातो. लेख अख्खा उचलायचा, चित्र उचलायचं, कविता उचलायची आणि खाली 'साभार' लिहून मोकळं व्हायचं. त्याहून वरची पायरी म्हणजे 'छायाचित्र सौजन्य: गुगल'. गुगलने तो फोटो काढलेला नसतो. कुणीतरी कुठेतरी ठेवलेला फोटो त्याने फक्त शोधून दाखवलेला असतो. कुणाचं घर कुठे आहे हे ज्याने सांगितलं, त्याच्याकडून घराची किल्ली मागण्यातला हा प्रकार.

लेखकाची दोन वेगवेगळी देणी असतात. एक त्याच्या नावाचं आणि दुसरं त्याच्या परवानगीचं. नाव बुडवणं म्हणजे वाङ्मयचौर्य, बोलीत उचलेगिरी. परवानगी बुडवणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. पुष्कळदा ही दोन्ही देणी एकदमच बुडवली जातात, म्हणून ती एकच वाटतात. पण नाव देऊनही कॉपीराइट मोडता येतो, गॉडियोच्या बाबतीत तेच झालं. आणि कॉपीराइट न मोडताही वाङ्मयचौर्य करता येतं: उद्या कुणी 'श्यामची आई'तलं एखादं प्रकरण स्वतःच्या नावाने छापलं, तर लोक त्याच्या तोंडाला काळं फासतील, पण कॉपीराइटभंगाचा दावा त्याच्यावर कोण लावणार? साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट २०१० च्या अखेरीस संपला.

ही दोन देणी किती वेगळी आहेत ते पाहायला अमेरिकेतलंच दुसरं एक प्रकरण घ्यावं. 'जीनियस' हे गाण्यांचे शब्द छापणारं संकेतस्थळ. गुगलवर गाणं शोधलं की शब्द थेट तिथेच दिसू लागले, तेव्हा जीनियसवाल्यांना संशय आला की हे आपल्याकडून उचलले जाताहेत. पण गाण्याचे शब्द तर सगळीकडे सारखेच, मग पकडणार कसं? त्यांनी काही गाण्यांमध्ये एक खोडी करून ठेवली. इंग्रजीत शब्दाच्या डोक्यावर येणारं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह दोन तऱ्हांनी छापता येतं, सरळ आणि वळणदार. त्यांनी ती दोन्ही विशिष्ट क्रमाने आलटून पालटून वापरली. सरळ म्हणजे टिंब आणि वळणदार म्हणजे रेघ धरून मोर्स लिपीत वाचलं, की शब्द निघायचे 'रेड हँडेड', म्हणजे रंगेहाथ. हीच चिन्हं त्याच क्रमाने गुगलवर उमटली. २०१९ च्या जूनमध्ये हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुगलचं म्हणणं होतं की हे शब्द आम्ही दुसऱ्या एका कंपनीकडून रीतसर घेतो.

खटला मात्र जीनियस हरलं. २०२० साली न्यायालयाने दावा फेटाळला, २०२२ साली अपीलही गेलं आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. कारण साधं होतं. गाण्यांचे शब्द जीनियसने लिहिलेच नव्हते. ते गीतकारांचे आणि त्यांच्या प्रकाशकांचे. जीनियसने ते ऐकून उतरवून काढले, मेहनत घेतली, पण तेवढ्याने कॉपीराइट मिळत नाही, आणि कॉपीराइट नसताना 'आमचं उतरवून घेतलं' एवढ्यावर दाद मागता आली नाही. उचल सिद्ध, हक्क शून्य.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात याच प्रश्नाला हात घातला. न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या या प्रकाशनाचं म्हणणं होतं, की आमच्या संपादित प्रतींची नक्कल झाली. न्यायालयाने सांगितलं, की मूळ निकालपत्र कुणाच्याही मालकीचं नाही आणि नुसता घाम गाळला म्हणूनही हक्क येत नाही. काही एक कौशल्य, निवड आणि थोडीतरी सर्जकता दिसली पाहिजे. निकालाच्या डोक्यावरचे सारांश, परिच्छेदांची पाडणी, कोणत्या न्यायमूर्तींचं मत बहुमतात हे नोंदवणं, अशा गोष्टींना त्यांनी संरक्षण दिलं.

नोंदणी, चिन्ह आणि टपालाचं पाकीट

आपल्याकडचा कायदा १९५७ चा, जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. त्याबद्दलचे गैरसमज सांगायला बसलं तर रात्र पुरणार नाही, पण तीन तरी सांगायलाच हवेत. पहिला, नोंदणी केल्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही. तसं नाही. मजकूर कागदावर किंवा पडद्यावर उतरला, की हक्क आपोआप जन्माला येतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क पडतं आणि तिचा उपयोग असा, की नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. दुसरा, वर्तुळातला 'सी' लावला नाही तर माल बेवारशी. तेही खोटं. १८८६ च्या बर्न कराराच्या १९०८ मधल्या दुरुस्तीने अशा औपचारिकता आंतरराष्ट्रीय पातळीवर निकालात काढल्या आणि भारत १९२८ पासून त्या करारात आहे. कणकवलीत बसून लिहिलेल्या लेखाला त्यामुळे कॅनडातही संरक्षण मिळतं. तिसरा गैरसमज मला फार आवडतो: हस्तलिखित पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि न फोडता कपाटात ठेवायचं. अनेक होतकरू कथालेखकांच्या कपाटात अशी पाकिटं असतील. तारखेचा एक कच्चा पुरावा म्हणून ठीक, पण कायद्याने त्या पाकिटाला काही खास मान दिलेला नाही.

हक्क टिकतो किती काळ? लेखक हयात असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं, मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजून. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि १९९१ च्या अखेरीस ते संपणार होते. त्या तोंडावर सरकारने वटहुकूम काढून मुदत दहा वर्षांनी वाढवली. एका कवीच्या निमित्ताने अख्ख्या देशाच्या लेखकांना, खरं तर त्यांच्या वारसांना, दहा वर्षं जास्तीची मिळाली. बाळ सीताराम मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता २०१७ पासून सर्वांची झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०३० ला खुलं होईल. पु. ल. देशपांडे २०००च्या जूनमध्ये गेले. त्यांच्यासाठी २०६१ उजाडावं लागेल, तोवर पुलंचा अख्खा लेख आपल्या पानावर चिकटवणं हे प्रेम असलं तरी परवानगीचं काम आहे.

बहिणाबाई चौधरींचं गणित जरा वेगळं आहे. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. गाणी छापून आली १९५२ साली, म्हणजे मरणोत्तर. अशा लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून न मोजता पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. त्या हिशोबाने त्या संग्रहातली गाणी २०१३ च्या सुरुवातीला खुली झाली.

खुलं झालं म्हणजे त्याभोवतीचं सगळं खुलं झालं असं मात्र नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर कुणाचाच हक्क नाही, पण एखाद्या अभ्यासकाने दहा वर्षांपूर्वी लिहिलेला अर्थ, टिपा, प्रस्तावना, मुखपृष्ठावरचं चित्र, हे त्याचं त्याचं. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईतूनच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मॅकमिलन कंपनीने थॉमस नॉर्थच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी अनुवादातून प्लुटार्कचं अलेक्झांडर-चरित्र काटछाट करून, टिपा जोडून विद्यार्थ्यांसाठी काढलं होतं. मुंबईच्या कूपर यांनी तशाच प्रकारचं पुस्तक काढलं. तिथे निकाल लागला: जुन्या मजकुरातून नुसते उतारे निवडून काटछाट केल्याने नवा हक्क निर्माण होत नाही, मात्र संपादकाने स्वतः लिहिलेल्या टिपांवर तो असतो. आज कुणी सार्थ ज्ञानेश्वरीची पीडीएफ करून 'धर्मग्रंथ आहे, त्यावर कसला कॉपीराइट' म्हणतो, तेव्हा त्याने कूपरशेटचं स्मरण करावं.

कल्पना फुकट, मांडणी नाही

गॉडियोच्या लेखातल्या पाककृती कित्येक शतकांपूर्वीच्या. त्या कुणीही कराव्यात, कुणीही सांगाव्यात. साहित्याच्या यादीवर आणि कृतीच्या पायऱ्यांवर कुणाची मालकी नसते. तिची मालकी होती त्या पाककृतींबद्दल तिने जे आणि ज्या तऱ्हेने लिहिलं त्यावर. पुरणपोळीला वाटीभर डाळीमागे किती गूळ घालायचा हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही, पण दुसरीने लिहिलेले 'पुरण शिजताना' वगैरे आठवणींचे चार परिच्छेद उचलले तर लागते.

या बाबतीत भारतातला मूळ निकाल १९७८ चा. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक दिल्लीत गाजलं होतं. १९५६ साली मोहन सहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. दोन्हींत पंजाबी आणि मद्रासी कुटुंबं, दोन्हींत प्रांतभेद आड येणारं प्रेम. आनंद न्यायालयात गेले. बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कल्पना, विषय, ऐतिहासिक वा पौराणिक वस्तू यांवर कॉपीराइट नसतो, तो असतो त्यांच्या विशिष्ट मांडणीवर. दोन्ही कृती पाहून वाचकाला किंवा प्रेक्षकाला ही सरळ त्याचीच नक्कल आहे असं ठामपणे वाटलं पाहिजे. 'न्यू दिल्ली'च्या बाबतीत तसं वाटलं नाही. मराठी दूरचित्रवाणी मालिका बघून 'ही माझीच कथा' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी याच निकालापाशी अडते.

मग थोडं थोडं घ्यावं का? 'तीस शब्दांपर्यंत चालतं', 'दहा सेकंदांपर्यंत गाणं वापरता येतं' अशी मापं सर्रास सांगितली जातात. आपल्या कायद्यात असं कुठलंही माप नाही. कलम ५२ मध्ये आहे ते 'न्याय्य वापर': खासगी अभ्यास, समीक्षा, ताज्या घडामोडींचं वार्तांकन. पुस्तकाच्या परीक्षणात चार उतारे देऊन त्यांची चिरफाड केली तर तो हक्क आहे, लेखक कितीही चिडला तरी. पण चार ओळींच्या कवितेच्या चारही ओळी 'शुभ सकाळ'च्या गुलाबावर छापल्या, तर शब्द मोजून काय उपयोग? २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याच्या बाजूने निकाल दिला, तोही अमुक पानांचं माप ठरवून नव्हे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला होता. अध्यापनासाठी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना प्रती देणं कायद्यातल्या शिक्षणाच्या अपवादात बसतं, असं न्यायालय म्हणालं. ऑनलाइन शिकवणीवाले या निकालाचा दाखला देतात, पण अभ्यासक्रमासाठी प्रती काढणं आणि नोट्सची पीडीएफ टेलिग्रामवर सोडणं यात अंतर आहे.

मराठी मजकुराचा प्रवास

आता आपल्या अंगणात येऊ. मराठीत ऑनलाइन मजकुराची लूट तीन वाटांनी होते, आणि तिन्हींबद्दल माझा राग सारखा नाही.

पहिली वाट व्हॉट्सअॅपची. कुणी तरी मन लावून आईवर, गावावर किंवा निवृत्तीवर लिहितं. दुपारपर्यंत तो मजकूर गटागटांतून फिरतो आणि संध्याकाळपर्यंत नाव गळून पडतं. मग तळाशी येतं 'लेखक: अज्ञात', किंवा 'एका मित्राकडून आलेलं'. कधी उलटंही होतं, मजकुराला मोठं नाव चिकटतं. पुलंच्या आणि व. पु. काळ्यांच्या नावावर जेवढं लेखन व्हॉट्सअॅपवर फिरतं, तेवढं लिहायचं तर दोघांना आणखी एक जन्म घ्यावा लागला असता. फॉरवर्ड करणाऱ्या मावशींवर मी चिडत नाही. त्यांना त्यातून दमडी मिळत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने नाव काढणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. कलम ५७ लेखकाला दोन हक्क देतं: ही कृती माझी आहे हे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून कुणी माझी बेअब्रू करत असेल तर त्याला अडवण्याचा. हे हक्क कॉपीराइट विकून टाकल्यावरही लेखकाकडेच राहतात. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले होते, पण 'समय की धारा' हा चित्रपट पाहून त्यांना आपली कादंबरी ओळखता येईना. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हक्क दिले म्हणजे कादंबरीचा चेहरामोहरा बिघडवायची मोकळीक दिली असं होत नाही.

दुसरी वाट पीडीएफची. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २०२० साली, रोजच्या वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या पहाटेच टेलिग्रामवर येऊ लागल्या. 'दैनिक जागरण'च्या मालकांनी दिल्ली उच्च न्यायालयातून त्या वाहिन्या बंद करण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश मिळवला. २०२२ साली नीतू सिंग या शिक्षिकेच्या पुस्तकांबाबत याच न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आमचा सर्व्हर परदेशात आहे, ग्राहकांची गुप्तता आम्हाला पाळावी लागते, हे टेलिग्रामचं म्हणणं न मानता वाहिन्या चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक, आयपी पत्ते द्यायला लावले. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लिहिणाऱ्या पुण्यातल्या लेखक-प्रकाशकांनी हे निकाल पाठ करून ठेवावेत असे आहेत.

तिसरी वाट मला सर्वांत घातक वाटते, कारण ती दिसत नाही. इंग्रजी लेख घ्यायचा, मराठीत उतरवायचा आणि स्वतःच्या नावाने किंवा 'वेब टीम' अशा बिननावी सहीने छापायचा. आरोग्य, अर्थकारण, तंत्रज्ञान या विषयांवरचं मराठी पोर्टलांचं पोट बऱ्याच अंशी यावर भरतं. भाषांतराचा हक्क हा मूळ लेखकाचाच हक्क आहे, कलम १४ मध्ये तो स्पष्ट लिहिला आहे. गंमत अशी, की १९१४ च्या कायद्यात ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांपुरता हा हक्क अवघ्या दहा वर्षांचा होता. दहा वर्षांत भाषांतर झालं नाही, तर पुढे कुणीही करावं. म्हणून आपल्या आजोबांच्या काळातल्या 'रूपांतरकारां'ना आजचे नियम लावून दोषी ठरवण्यात अर्थ नाही. शिवाय त्यांतल्या चांगल्यांनी मूळ कृतीचं नाव सांगितलं. आजच्या बातमीदाराला मात्र मूळ लेखाचा दुवा द्यायचीही लाज वाटते, कारण तो दिला की वाचक पळून जाईल आणि जाहिरातीचे पैसे बुडतील.

ही चोरी पकडणं अवघड. मजकूर जुळवून पाहणाऱ्या संगणकप्रणाली एका भाषेतल्या शब्दांची दुसरीकडे झालेली पुनरावृत्ती शोधतात. भाषा बदलली की त्यांच्यातल्या बहुतेकांची नजर बांधली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या पुढे संशोधकाची नोंदणीच रद्द, अशा पायऱ्या आहेत. पण इंग्रजी प्रबंधाचं प्रकरण मराठीत आणलं तर यंत्र शून्य टक्केही दाखवू शकतं. त्यात आपल्या जुन्या फाँटांची भर. युनिकोड रुळण्याआधी मराठीचा बराचसा व्यवहार श्रीलिपीसारख्या फाँटांत झाला. त्या काळातल्या अंकांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्यातलं वाक्य कॉपी करून चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा हाती येतो. शोधयंत्रालाही तो लगदाच दिसतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकातला लेख आज कुणी नव्याने टाइप करून आपल्या नावावर खपवला, तर गुगलला तोच मूळ वाटेल.

हाताने शोधायची रीत तरी सोपी आहे. आपल्या लेखातलं एखादं विचित्र वळणाचं, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं सात-आठ शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावं. पहिलं वाक्य घेऊ नये, चोर पहिलं वाक्य हमखास बदलतात. मधल्या परिच्छेदातलं घ्यावं, तिथवर येईपर्यंत त्यांचा उत्साह संपलेला असतो. तुमची चूक तर सोनंच. तुम्ही साल चुकीचं लिहिलं असेल, एखाद्या आडनावाची वेलांटी चुकवली असेल आणि ती चूक त्याच्याकडेही जशीच्या तशी असेल, तर 'मी स्वतंत्रपणे लिहिलं' हे म्हणणं टिकत नाही.

सापडलं, पुढे काय?

आधी त्या पानाचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर ते पान जतन करावं. हे आधी, तंबी नंतर. तंबी मिळाली की पान गायब होतं. मग संबंधिताला साधं पत्र लिहावं. निम्म्याहून अधिक भांडणं इथेच मिटावीत अशी असतात.

नाही मिटलं, तर मजकूर जिथे ठेवला आहे त्या मंचाला नोटीस देता येते. २०१३ च्या कॉपीराइट नियमावलीतला नियम ७५ त्यासाठी आहे. मूळ कृतीचं वर्णन, ती तुमची असल्याचा तपशील, नक्कल कुठल्या पत्त्यावर आहे आणि ती कायद्याच्या अपवादात का बसत नाही, एवढं लिहायचं. मंचाने ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची. पण नोटिशीतच तुम्हाला हमी द्यावी लागते, की मी न्यायालयात जाऊन २१ दिवसांत आदेश आणून देईन. तो आला नाही, तर मंच मजकूर पुन्हा खुला करू शकतो. दिवाळी अंकाचं दीड हजार मानधन मिळवणाऱ्या लेखकाला २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायला सांगणारा हा नियम कुणाचा विचार करून लिहिला असेल, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक लोक अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार बड्या कंपन्यांनी ठेवलेला अर्ज भरतात. तिथे न्यायालयाचा आदेश आधी लागत नाही. समोरच्याने उलट नोटीस दिली, तरच दाव्याची वेळ येते. अर्ज करताना खोटं बोललात तर मात्र तुमच्यावरच शेकतं. दुसऱ्याची टीका दाबायला कॉपीराइटची नोटीस वापरणारे महाभाग कमी नाहीत.

दावा लावायचाच झाला तर कलम ६२ मध्ये लेखकाच्या सोयीची एक गोष्ट आहे. तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो. सोलापूरच्या लेखिकेने त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. फौजदारी बाजूला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

याहून जास्त पैसा मात्र चोरांपेक्षा आपल्याच सहीत बुडतो. हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोलाची गोष्ट केली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क त्याचा नावानिशी उल्लेख असल्याशिवाय दिले असं धरता येत नाही. आता ध्वनिपुस्तकांना मागणी आली आहे आणि प्रकाशक जुने करार काढून 'सर्व हक्क आमचे' म्हणू लागले आहेत. करार दुरुस्तीच्या आधीचा असेल तर वकिलांना वाद घालायला जागा आहे, पण नव्या करारावर सही करताना 'भविष्यात येणारी सर्व माध्यमं' असं गुळगुळीत कलम असलं, तर ते खोडून 'छापील पुस्तक' एवढंच लिहायला सांगावं. प्रकाशक थोडा वेळ तोंड वाकडं करेल.

आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, की आमच्या बातम्या परवानगीशिवाय यंत्राला शिकवायला वापरल्या. अमेरिकेत २०२५ साली अँथ्रॉपिक कंपनीच्या खटल्यात न्यायाधीशांनी एक फरक केला: विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणं न्याय्य वापर, पण चोरट्या ग्रंथालयांतून उतरवलेल्या प्रतींचा साठा करणं नाही. त्यानंतर त्या कंपनीने दीडशे कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. ज्यांची पुस्तकं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदवलेली होती, त्यांनाच त्यात वाटा मिळणार होता. नोंदणी ऐच्छिक असते हे खरं, पण ५०० रुपयांच्या आपल्या नोंदणीकडेही मराठी प्रकाशकांनी पुन्हा एकदा बघायला हरकत नाही.